डुक्कर फियाटचा एल्बो स्कॅन करून मिळेल का?

प्रश्न असा आहे. आजोबांची १९५०च्या दशकातली फियाट ११००, म्हणजे आपल्याकडे जिला प्रेमाने डुक्कर फियाट म्हणतात ती, साताऱ्यात शेडमध्ये उभी आहे. इंजिन फिरतं. पण इंजिनच्या हेडवरचा पाण्याचा अ‍ॅल्युमिनियमचा एल्बो, म्हणजे वाकडी नळी, खाऊन गेलाय, मागच्या दिव्याभोवतीची क्रोमची रिंग तडकलीय आणि स्टिअरिंगचा एक आर्म वाकल्यासारखा वाटतोय. कुर्ल्याचा सीएसटी रोड झाला, चोर बाजार झाला, हाती काही लागलं नाही. आता कुणी तरी सांगितलंय की लेझर स्कॅन केला की तसाच्या तसा भाग बनून मिळतो. हे खरं आहे का, आणि तिन्ही भाग असे करता येतील का?

एल्बो होईल. रिंगही होईल, पण वेगळ्या वाटेने. आर्म मी करून देणार नाही, आणि तुम्ही दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका.

स्कॅनरच्या आधी एक साधी गोष्ट करून पाहा. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन तुमच्या गाडीच्याच कुळातलं, तेच १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव). मधल्या काळात बरंच काही बदललं, त्यामुळे पद्मिनीचा एल्बो बसेलच असं नाही. पण भोकांमधलं अंतर आणि तोंडाचा व्यास ताडून पाहायला दहा मिनिटं पुरतात. बसला तर पुढचं सगळं करायची गरजच नाही. हे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते टॅक्सीवाल्यांमुळे. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही, आणि गिऱ्हाईकच नसेल तर दुकानदार माल कशाला भरेल? म्हणून सांगतो, जुना साठा जिथे दिसेल तिथून आजच उचलून ठेवा.

आता ‘तसाच्या तसा’ या शब्दाबद्दल. तुम्हाला एल्बो खरंच तसाच्या तसा हवाय का? आजचा तुमचा एल्बो गळतोय. बिडाचा ब्लॉक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि त्यात वर्षानुवर्षं विहिरीचं नाही तर नळाचं पाणी. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असले की त्यातला अ‍ॅल्युमिनियम झिजत जातो. तोंडाची कड खाल्ली गेली असेल, बसायचा पृष्ठभाग कुणी तरी कानशीने घासून तिरका केला असेल, आणि गळती थांबावी म्हणून बोल्ट जीव खाऊन आवळल्यामुळे बोल्टच्या भोकांचे दोन्ही कान खाली वाकले असतील. स्कॅनर हे सगळं इमानेइतबारे टिपतो. तो भागाचं आजचं रूप देतो. आपल्याला हवं असतं ते कारखान्यातल्या ड्राफ्ट्समनने कागदावर काढलेलं रूप. या दोन्हींमधलं अंतर माणसाला भरून काढावं लागतं. या कामाला खरा वेळ तिथेच जातो, आणि चांगला माणूस कोण आणि नुसता मशीनवाला कोण हेही तिथेच कळतं.

स्कॅनर काय करतो ते थोडक्यात सांगतो. हातात धरायच्या स्कॅनरमधून लेझरच्या बारीक रेषा वस्तूवर पडतात. आजकाल बहुतेक निळ्या, एकमेकींना छेदणाऱ्या. बाजूचे कॅमेरे त्या रेषा तिरक्या कोनातून पाहतात. पृष्ठभाग वर-खाली झाला की रेषा वाकडी दिसते, आणि कॅमेरा व लेझर यांच्यातलं अंतर आणि कोन ठाऊक असल्याने त्रिकोणाच्या हिशेबाने प्रत्येक बिंदूची जागा निघते. वस्तूवर आणि टेबलावर चमकणाऱ्या गोल टिकल्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्यावरून मशीनला आपण कुठे आहोत हे कळत राहतं. लाखो बिंदूंचा ढग तयार होतो, त्याची त्रिकोणांची जाळी बनते. चांगलं मशीन नीट कॅलिब्रेट केलेलं असेल तर एल्बोएवढ्या वस्तूवर मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत भरवसा ठेवता येतो. ओतीव भागाच्या बाहेरच्या अंगाला एवढं हवंही नसतं. बेअरिंगच्या बैठकीला मात्र ते पुरत नाही. तिथे बोअर गेज आणि मायक्रोमीटरच लागतो.

मशीन जे पाहू शकत नाही ते जास्त महत्त्वाचं. चकचकीत क्रोमवरून लेझर भलतीकडे उडतो, काळं रबर तो पिऊन टाकतं, काचेतून तो आरपार जातो. अशा वस्तूंवर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारावा लागतो. तोही हलक्या हाताने, कारण फवाऱ्याचा थर मापात मिसळतो. काही तासांत आपोआप उडून जाणारे फवारे मिळतात, जुन्या रंगाच्या किंवा क्रोमच्या भागाला तेच वापरा असा आग्रह धरा. दुसरं, लेझर सरळ रेषेत जातो. खोल भोकाचा तळ, वाकलेल्या नळीचं पोट त्याला दिसत नाही. तुमचा एल्बो म्हणजे नेमकी वाकलेली नळीच.

यावर एक उपाय मी नेहमी करतो आणि तो फार समाधान देतो. एल्बोच्या पोटात मूस बनवायचं सिलिकॉन रबर ओततो. आधी आतला गाळ काढून, चिकटू नये म्हणून मेणाचा हात फिरवून घेतो. रबर घट्ट झालं की लवचीक असल्याने वाकणातूनही ओढून बाहेर काढता येतं. हातात येतो तो आतल्या पोकळीचा ठसा, आणि तो बाहेरून स्कॅन करता येतो. बाहेरचं अंग आणि हा ठसा संगणकात एकमेकांत बसवला की भिंत कुठे किती जाड होती ते दिसतं. कुठे पाच मिलिमीटर, कुठे खाऊन जेमतेम दोन. जिथे पाणी साचून राहत नाही अशा वरच्या भागात मूळ जाडी बहुधा शाबूत असते. तीच पुढे सगळीकडे धरायची.

मग जाळीवरून कॅड मॉडेल, म्हणजे संगणकावर मापं घालून काढलेला भाग, करायचं, आणि इथेच बरेच जण घाई करतात. स्कॅनची जाळी सरळ प्रिंटरला द्यायची आणि निघालेला तुकडा फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पाठवायचा, असं करू नका. सगळ्यात आधी एक आधार-पृष्ठ ठरवावं लागतं. एल्बोला ते म्हणजे हेडवर बसणारं तोंड. पण तुमचं तोंड वाकलेलं आहे. म्हणून मी भागाइतकाच महत्त्वाचा मानतो तो त्याचा जोडीदार: हेडवरची बैठक आणि तिथले स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे. ते हललेले नसतात. शक्य असेल तर गाडी किंवा निदान हेड स्कॅनरपाशी न्या, नाही तर स्कॅनर गाडीपाशी बोलवा. स्टडमधलं अंतर हेडवर मोजायचं, एल्बोवर नाही.

नंतर येतात आकडे. समजा एका भोकाचा व्यास स्कॅनमध्ये ८.९४ आला, दुसऱ्याचा ९.०७. ड्राफ्ट्समनने ८.९४ कधीच लिहिलं नसणार, त्याने ९ लिहिलं. फियाटची मूळ ड्रॉइंग इटलीतल्या तोरिनोची, मेट्रिक, त्यामुळे पूर्ण मिलिमीटर किंवा अर्धा मिलिमीटर शोधायचा. हीच अ‍ॅम्बेसेडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड असती तर वंश ब्रिटिश, हिशेब इंचाचा. तिथे १५.९ दिसलं की १६ करायचं नाही. ते पाच अष्टमांश इंच आहे, म्हणजे १५.८७५. जुन्या मॉरिस इंजिनांचा तर वेगळाच मामला: आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची, कारण ती इंजिनं ज्या कारखान्यात बनत तिथली यंत्रं हॉचकिस या फ्रेंच कंपनीची होती. गाडीचा इतिहास ठाऊक नसलेला माणूस कितीही महागडा स्कॅनर घेऊन बसला तरी इथे चुकतो. आटे तर स्कॅन करूच नयेत. थ्रेड गेज लावायचा आणि मॉडेलमध्ये लिहायचं. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण नट दोन फेऱ्यांत अडकतो.

आणखी एक. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला भाग इटलीतून यायचे आणि हळूहळू इथे बनू लागले. त्यामुळे वरून सारखे दिसणारे दोन एल्बो वेगवेगळ्या साच्यांतले असू शकतात. दुसऱ्या कुणाकडे तसलीच गाडी असेल तर तिचाही भाग स्कॅन करून घ्या, भाग मोडायची गरज नाही. दोन नमुने एकमेकांवर ठेवले की झीज कुठली आणि मूळ आकार कुठला हे लगेच उघड होतं, कारण दोन भाग सहसा अगदी सारखेच झिजलेले नसतात. मॉडेल झालं की ते मूळ स्कॅनवर ठेवून फरकाचा रंगीत नकाशा काढतात: हिरवं म्हणजे जुळलं, लाल म्हणजे वर, निळं म्हणजे खाली. हा नकाशा मागून घ्या आणि प्रत्येक लाल-निळ्या डागाचं कारण विचारा. ‘इथे खाल्लं गेलंय’, ‘इथे कान वाकलाय’ अशी उत्तरं आली पाहिजेत. सगळा नकाशा हिरवा असेल तर त्याने तुमच्या भागाची झीजही नव्या भागात उतरवली आहे.

आता ओतकाम. धातू थंड होताना आकसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला ढोबळमानाने १.३ टक्के, बिडाला साधारण १ टक्का, पितळेला दीड. जुने पॅटर्न (वाळूत ठसा उमटवायचा नमुना) बनवणारे सुतार यासाठी वेगळी पट्टीच ठेवत, तिचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. मी सुरुवातीच्या काळात एका ब्रिटिश गाडीच्या टायमिंग कव्हरची फाइल बनवली आणि आकसण्याची वाढ फाउंड्री देईल असं धरून चाललो. फाउंड्रीने ती मी दिलीय असं धरलं. कव्हर सुरेख आलं, चकचकीत, एकही छिद्र नाही. पण टोकाच्या दोन भोकांमधलं २२० मिलिमीटरचं अंतर जवळजवळ तीन मिलिमीटरने कमी भरलं. ते कव्हर मी अजून बाकावर ठेवलंय. तेव्हापासून फाइलच्या नावातच लिहितो: वाढ धरली आहे की नाही. आणि एकक मिलिमीटर आहे हेही लिहितो, कारण एसटीएल फाइलमध्ये, म्हणजे प्रिंटरला देतात त्या जाळीच्या फाइलमध्ये, नुसते आकडे असतात, एकक नसतं. समोरच्याने इंच समजून उघडली तर भाग पंचवीस पटींनी मोठा होतो.

याच कारणाने जुना भागच वाळूत दाबून त्यावरून नवा ओतणं चुकीचं. तो आधीच एकदा आकसलेला, त्यात झिजलेला, आणि आता पुन्हा आकसणार.

म्हणून मॉडेलच्या दोन आवृत्त्या करायच्या. एक पूर्ण झालेल्या भागाची, यंत्रकामासाठी. दुसरी ओतायची: तिला आकसण्याची वाढ, मशीन करायच्या तोंडांवर दोन-तीन मिलिमीटर जादा माल, आणि पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून दीड-दोन अंशांचा उतार. पॅटर्न आणि आतल्या कोअरची, म्हणजे पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याची, पेटी साध्या प्लॅस्टिक प्रिंटरवर छापली तरी एक-दोन नगांना पुरते. थरांच्या रेषा घासून, पुटी भरून, लाखेचा हात मारायचा. अमेरिकेत टीव्हीवरचे विनोदकार आणि जुन्या गाड्यांचे शौकीन जे लेनो यांच्या गॅरेजने २००९मध्ये १९०७च्या व्हाइट स्टीमर गाडीचा पाणी गरम करायचा भाग साधारण याच वाटेने परत उभा केला: स्कॅन, प्लॅस्टिकची प्रत, तिच्यावरून साचा, मग ओतकाम. मोठ्या कामाला वाळूचा साचाच थेट छापतात. १९१४च्या ग्रां प्रीसाठी बनलेल्या डेलाज टाइप-एस या गाडीचा इंजिन ब्लॉक ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीने असा नव्याने ओतला गेला. आपल्याला एवढ्या लांब जायला नको. कोल्हापूरच्या शिरोलीत आणि उद्यमनगरात ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे, आणि साताऱ्याहून ते जवळ. एकच नग ओतायला मोठी फाउंड्री तयार होणार नाही. छोटा माणूस शोधा आणि निदान चार नग ओतून घ्या. एक नक्की बिघडतो, एक तुमचा, आणि उरलेले दोन कुणाला हवेत हे फियाटवाल्यांच्या गटात विचारलंत तर स्कॅनचा खर्च वाटला जाईल.

धातू एलएम-६ मागा, हा अ‍ॅल्युमिनियमचाच एक मिश्रधातू. त्यात सिलिकॉन भरपूर असतं, पातळ भिंतीत नीट वाहतो आणि पाण्यात चांगला टिकतो. मशीनिंगनंतर तोंडं बंद करून, एक-दीड बार हवा देऊन बादलीत बुडवा. बुडबुडा आला तर तो नग बाजूला ठेवा, वरून पुटी भरू नका. आणि गाडीत बसवल्यावर साधं पाणी नको, कूलंट घाला. नाही तर नातवंडांना पुन्हा हाच प्रश्न विचारावा लागेल.

रिंगकडे येऊ. आधी ती जवळून पाहा. क्रोमवर नुसते फोड आलेत, की रिंगचं अंगच फुगून बारीक तडे गेलेत? फोड असतील तर ती घासून, खळगे भरून पुन्हा प्लेटिंग होऊ शकते, स्कॅनचा संबंधच नाही. अंग फुगलं असेल तर ती जस्ताची ओतीव रिंग आतून सडलीय. जस्तात शिशाचा अंश राहिला की दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमा पोखरल्या जातात आणि भाग अक्षरशः मोठा होतो, वाकतो. अशा रिंगचं कुठलंच माप विश्वासाचं नाही, स्कॅनर कितीही अचूक असो. दुसऱ्या बाजूची रिंग बरी असेल तर तिचा स्कॅन घेऊन आरशासारखा उलटवता येतो. जग्वारने २०१४मध्ये लाइटवेट ई-टाइपच्या राहून गेलेल्या सहा गाड्या पुन्हा बांधल्या, तेव्हा मूळ बॉडी स्कॅन करून एक बाजू अशीच उलटवली होती. दोन्ही रिंगा गेल्या असतील तर दिव्याची काच आणि बॉडीवरची बैठक स्कॅन करा आणि त्या दोघांच्या मध्ये रिंग नव्याने काढा. बाहेरच्या वळणासाठी जुने फोटो आणि सडलेल्या रिंगचे तुकडे उपयोगी पडतात. बनवायची मात्र पितळेची. पॉलिशला दोन-तीन दशांश मिलिमीटर जादा ठेवा, कारण पॉलिशवाला कडा खातोच, मग तांबं, निकेल, क्रोम. पितळेची रिंग मूळ रिंगपेक्षा जड होईल, त्याला माझी हरकत नाही.

आर्मबद्दल मी ठाम आहे. स्कॅनमधून आकार कळतो. लोखंड कुठल्या जातीचं, ते ठोकून घडवताना धातूचे तंतू कुठल्या दिशेने वळले, पाणी कसं दिलं, हे काहीच कळत नाही. स्टिअरिंगचा आर्म घडवलेला असतो. तोच आकार प्लेटमधून कापला किंवा ओतला तर दिसायला हुबेहूब येईल, बोल्टही बसतील, आणि खंबाटकीच्या उतारावर एखाद्या खड्ड्यात तुटेल. पोर्शने २०१८मध्ये ९५९ या गाडीचा क्लच सोडवणारा लिव्हर स्टीलच्या पावडरीतून लेझरने वितळवून बनवला, हे उदाहरण लोक मला ऐकवतात. त्या गाड्या एकूण २९२, भाग संपलेला, आणि बनवणारी मूळ कंपनीच. त्यांनी तो जवळजवळ तीन टन भाराखाली तपासला, आतले दोष पाहायला टोमोग्राफी केली, मग गाडीत लावून चालवला. एवढी तपासणी माझ्याकडे नाही आणि गावातल्या कुठल्याच वर्कशॉपकडे नसते. स्टिअरिंग, ब्रेक, स्टब अ‍ॅक्सल यांसाठी मूळ जुना भागच शोधा, त्याची डाय पेनिट्रंटने किंवा मॅग्नेटिक कणांनी तडा-तपासणी करून घ्या. हा आर्म खरंच वाकलाय का, हे मात्र स्कॅनर सांगू शकतो: दोन्ही बाजूंचे आर्म स्कॅन करून एक उलटवून दुसऱ्यावर ठेवायचा. वाकलेला निघाला तर सरळ करून वापरू नका, बदला.

जुना एल्बो आणि रिंग फेकू नका. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते, आणि त्यात गाडी मूळ रूपात असणं अपेक्षित आहे. एल्बोने काही बिघडत नाही, पण मूळ भाग लेबल लावून डब्यात ठेवलेले असले की पुढच्या माणसालाही ताडून पाहता येतं. नव्या भागावर आतल्या बाजूला वर्ष उमटवा. ओतायच्या मॉडेलमध्ये आकडे टाकायला काहीच लागत नाही.

स्कॅनला देण्याआधी एल्बो वाळूने ब्लास्ट करू नका, कडा जातात. गरम पाणी, साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरे. सोबत जुनं गॅस्केट द्या, फाटलेलं असलं तरी. त्यावर तोंडाची आणि भोकांची छाप असते, आणि ती कान वाकायच्या आधीची असू शकते.